टीव्ही एचडी, बॉक्स एचडी, तरी चित्र धुरकट: दोष नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार साधारण अशी असते. ४३ इंची नवा टीव्ही भिंतीवर लागला, डीटीएचवाल्याकडून एचडी बॉक्सही घेतला, तरी मालिकेतले चेहरे मेणाचे वाटतात, क्रिकेटमध्ये कॅमेरा फिरला की मैदानावरचं गवत सपाट हिरवा रंग होऊन जातं आणि बातम्यांच्या पट्टीतली अक्षरं कडेला फुटतात. कुणीतरी रिमोट घेऊन शार्पनेस आणि कलर वाढवतं, दोन दिवस बरं वाटतं, आठवड्यानं चित्र पुन्हा होतं तसंच.

यात पहिली चूक पिक्चर मेनूपासून सुरुवात करण्याची होते. चित्र वाहिनीकडून बॉक्समध्ये, बॉक्समधून वायरीत, वायरीतून टीव्हीच्या प्रोसेसरमध्ये आणि तिथून पडद्यावर येतं. या वाटेवर जो तपशील एकदा गळला, तो पुढचं कुठलंही सेटिंग परत आणू शकत नाही. शार्पनेस वाढवल्यानं फक्त उरलेल्या कडांना जाड बॉर्डर येते. म्हणून शोध उगमापासून सुरू करायचा, पडद्यापासून नाही. खालचा क्रम त्याच हिशेबानं आहे. मधली पायरी गाळून पुढे गेलात तर बहुधा परत मागे यावं लागेल.

टीव्ही चांगला आहे की नाही, हे पाच मिनिटांत ठरवा

मोबाइलवर दिवसाउजेडी, फोन आडवा धरून, १०८०पीमध्ये (म्हणजे फुल एचडीत) अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. झाडाची पानं, विटांची भिंत, साडीचं विणकाम, असं बारीक काम असलेलं काहीही चालेल. तो पेनड्राइव्हवर टाकून थेट टीव्हीच्या यूएसबीला लावा. जुन्या टीव्हीवर फाइल चालली नाही तर फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये एचईव्हीसीऐवजी एच.२६४ (व्हिडिओ साठवण्याची जुनी, जास्त टीव्हींना चालणारी पद्धत) निवडून पुन्हा चित्रीकरण करा. पेनड्राइव्ह फॅट३२मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, पण अर्ध्या मिनिटाच्या क्लिपला ती अडचण येत नाही.

या क्लिपमध्ये पानं सुटी सुटी दिसली, तर पडदा आणि टीव्हीचा प्रोसेसर ठीक आहे आणि दोष बॉक्स, वायर किंवा वाहिनीत आहे. क्लिपही धुरकट असेल तर दोष टीव्हीच्या सेटिंगमध्ये किंवा पॅनेलमध्ये. मेकॅनिकला बोलावण्याआधी, आणि टीव्ही बदलण्याचा विचार करण्याआधी तर नक्कीच, ही चाचणी करा.

वाहिनी खरंच एचडी आहे का

हा प्रश्न अपमानास्पद वाटू शकतो, पण सगळ्यात जास्त प्रकरणं इथेच मिटतात. आपल्याकडे एकाच वाहिनीच्या एसडी (स्टँडर्ड, म्हणजे कमी तपशिलाच्या) आणि एचडी आवृत्त्यांना वेगवेगळे क्रमांक असतात आणि पॅकही वेगळे. बॉक्स एचडी असला म्हणून एसडी क्रमांकावरची वाहिनी एचडी होत नाही. घरातल्यांच्या बोटांना जुना क्रमांक पाठ असतो, त्यामुळे एचडी पॅकचे पैसे भरूनही एसडीच पाहिलं जातं. वाहिनीच्या नावापुढे किंवा कोपऱ्यातल्या लोगोत एचडी लिहिलेलं आहे का ते पाहा, मग तिची एसडी जोडी लावून दोन्ही पाठोपाठ बघा. बॉक्सच्या फेव्हरिट यादीत फक्त एचडी क्रमांक भरून ठेवले की हा घोळ पुन्हा होत नाही.

काही मराठी वाहिन्यांना एचडी आवृत्तीच नाही. दूरदर्शनच्या फ्री डिशवर बहुतेक वाहिन्या एसडीच आहेत. तिथे कुठल्याही सेटिंगनं एचडी मिळणार नाही. आहे ते नीट दाखवणं एवढंच हातात उरतं.

एसडी मोठ्या टीव्हीवर इतकी वाईट का दिसते, याचं गणित सरळ आहे. एसडीच्या चौकटीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४ लाख १४ हजार ७२० ठिपके (पिक्सेल) असतात. फुल एचडीत २० लाख ७३ हजार ६००, म्हणजे पाचपट. ४केत त्याच्या चौपट, सुमारे ८३ लाख. ४के टीव्ही एसडी वाहिनी दाखवतो तेव्हा एका खऱ्या ठिपक्यावरून वीस ठिपके अंदाजानं रंगवतो. लहान ट्यूबवाल्या टीव्हीवर हीच वाहिनी बरी दिसायची, कारण ठिपके लहान जागेत दाटीनं बसलेले असायचे.

अंतराचाही हिशेब करून पाहा. सामान्य दृष्टीचा माणूस साधारण एक कला, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. त्यावर एसडीचे ठिपके वेगळे जाणवू नयेत म्हणून सुमारे साडेचार मीटर, म्हणजे जवळजवळ १५ फूट लांब बसावं लागतं. फुल एचडीसाठी १.७ मीटर, म्हणजे साडेपाच फूट पुरतात आणि ४केसाठी ८५ सेंटिमीटर. आपल्या दहा बाय बाराच्या हॉलमध्ये सोफा आठेक फुटांवर असतो. तिथून एसडीचे सगळे दोष दिसतात, एचडी स्वच्छ दिसते आणि ४केचा जादा तपशील डोळ्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून अशा खोलीत ४३ इंची फुल एचडी टीव्ही असेल तर तो बदलून ४के घेण्यापेक्षा त्याच पैशांत वर्षभर एचडी पॅक घेणं कधीही चांगलं. ५५ इंचाला मात्र फुल एचडीचं हेच अंतर २.२ मीटरपर्यंत जातं, म्हणजे सोफा थोडा जरी पुढे असला तरी ४केला अर्थ येतो.

बॉक्स काय बाहेर काढतोय

बॉक्सच्या मागे पाहा. पिवळी, लाल, पांढरी अशा तीन पिना लावलेल्या असतील तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. पिवळ्या पिनेतून जास्तीत जास्त ५७६आय, म्हणजे एसडीच जातं, तेही प्रकाश आणि रंग एकत्र कालवून. लाल रंगाच्या कडा पसरलेल्या दिसतात त्या याच कारणानं. भिंतीत जुनी एव्ही वायर आधीच टाकलेली असली की बसवणारा बहुतेक वेळा तीच जोडून जातो. तिच्या जागी एचडीएमआय वायर लावा.

एचडीएमआय असेल तर टीव्हीच्या रिमोटवरचं इन्फो किंवा डिस्प्ले बटण दाबा. बॉक्सच्या रिमोटवरचं नव्हे, टीव्हीच्या. पडद्याच्या कोपऱ्यात १९२० गुणिले १०८०आय, ७२०पी किंवा ५७६पी असं काहीतरी येईल. हा आकडा बॉक्स काय पाठवतोय ते सांगतो, वाहिनी काय आहे ते नाही. एसडी वाहिनी लावली तरी १०८०आय दिसेल, कारण बॉक्स स्वतःच ती ताणून पाठवतो. उलट एचडी वाहिनीवर ५७६ किंवा ७२० दिसलं तर दोष सापडला. बॉक्सच्या मेनूत टीव्ही सेटिंग किंवा व्हिडिओ आउटपुटमध्ये जाऊन रिझोल्यूशन १०८०आय करा.

१०८०पी उपलब्ध असताना १०८०आय का? भारतातल्या एचडी वाहिन्या बहुतांशी १०८०आय ५० अशाच येतात: सेकंदाला ५० अर्ध्या चौकटी, एकीत विषम ओळी, पुढचीत सम. १०८०पीत प्रत्येक चौकट पूर्ण असते. त्या जोडून पूर्ण चौकट करण्याचं काम कुणाला तरी करावं लागतं. बॉक्स १०८०पीवर ठेवला तर ते बॉक्सची स्वस्त चिप करते, १०८०आयवर ठेवला तर टीव्हीचा प्रोसेसर करतो, आणि बऱ्यापैकी टीव्हीत तो या कामात सरस असतो. खात्री करायची तर बातम्यांची वाहिनी लावून खालची सरकती पट्टी पाहा. अक्षरांच्या उभ्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसले किंवा अक्षरं थरथरली, तर दुसरा पर्याय निवडून बघा. दोन्हीत फरक दिसत नसेल तर १०८०आय राहू द्या. ३२ इंची एचडी रेडी टीव्हीचं पॅनेल १३६६ गुणिले ७६८ असतं, म्हणजे ७२०पी काय आणि १०८०आय काय, दोन्ही त्याला मापात बसवून घ्यावी लागतात. तिथेही १०८०आयच ठेवा, म्हणजे निदान बॉक्समध्ये तपशील गळणार नाही.

त्याच मेनूत आस्पेक्ट रेशो १६:९ आहे ना तेही बघून घ्या. बॉक्स ४:३वर आणि टीव्ही फुलवर असला की माणसं बुटकी आणि जाड दिसतात. घरच्यांना त्याची इतकी सवय होते की ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

सिग्नल कमकुवत असला की चित्र धुरकट होतं?

नाही. हा गैरसमज अँटेनाच्या जमान्यातून आलेला आहे. तेव्हा सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या. डिजिटल सिग्नल एकतर पूर्ण येतो किंवा तुटतो. तुटला की चौकोन पडतात, चित्र गोठतं, आवाज कापला जातो किंवा नो सिग्नल येतं. चेहरा सतत धुरकट दिसतोय म्हणून छतावर चढून डिश हलवू नका. बरी असलेली जुळणी बिघडेल.

चौकोन पडत असतील तर मात्र छताकडे वळा. मेनूतल्या दोन पट्ट्यांपैकी सिग्नल क्वालिटीची पट्टी महत्त्वाची. स्ट्रेंथ भरपूर आणि क्वालिटी कमी असेल तर डिशची दिशा सरकली आहे किंवा जोडात पाणी गेलंय. डीटीएच केयू बँडवर, म्हणजे १० ते १३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं आणि या लहरी जोरदार पावसात शोषल्या जातात. सरींच्या वेळी पाच-दहा मिनिटं चित्र जाणं स्वाभाविक आहे. पाऊस थांबल्यावरही चित्र परत येत नसेल तर तो दोष.

कोकणात आणि गोव्यात, खाऱ्या दमट हवेत, सगळ्यात आधी एलएनबीवरचा (डिशसमोरच्या सिग्नल घेणाऱ्या डबीवरचा) एफ कनेक्टर, म्हणजे वायरचा पिळून बसवायचा जोड, खराब होतो. बॉक्सचा प्लग काढून मगच तो उघडा, कारण वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जात असतात. मधली तार हिरवट किंवा काळी पडली असेल तर आरजी-६ वायरचा तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावा. मधली तार कनेक्टरच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यावी आणि बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. वर रबरी टोपी किंवा सेल्फ-अमल्गमेटिंग टेप लावा. वायर एलएनबीकडून येताना खाली एक झोळ घेऊन मग भिंतीकडे जाऊ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल, जोडात शिरणार नाही. ठरावीक वाहिन्याच गायब आणि बाकीच्या उत्तम, असं असेल तर बहुधा एकाच ध्रुवणाच्या (लहरी उभ्या की आडव्या कंप पावतात त्या दिशेच्या) वाहिन्या गेल्या आहेत: उभ्या ध्रुवणासाठी १३ व्होल्ट लागतात, आडव्यासाठी १८. लांब किंवा सडलेल्या वायरीत व्होल्टेज पडलं की १८वाल्या आधी जातात.

एचडीएमआय वायर

महागडी वायर चित्र अधिक रंगीत किंवा तीक्ष्ण करत नाही. तिथे खर्च करू नका. वायर खराब असली की पांढरे ठिपके चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो किंवा चित्रच येत नाही. डीटीएच बॉक्सच्या १०८०आयला कुठलीही धड वायर चालते. ४के ६० हर्ट्झला सेकंदाला १८ गिगाबिटचा प्रवाह लागतो. तिथे वायर प्रीमियम हाय स्पीड शिक्क्याची घ्या आणि पाच मीटरच्या आत ठेवा.

४के स्ट्रीमिंग स्टिक किंवा गेम कन्सोल लावलेल्या पोर्टवर टीव्हीतलं एक सेटिंग चालू करावं लागतं. सॅमसंगमध्ये त्याला इनपुट सिग्नल प्लस, सोनीत एचडीएमआय सिग्नल फॉरमॅटमधलं एन्हान्स्ड, एलजीत अल्ट्रा एचडी डीप कलर म्हणतात. ते बंद असेल तर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला दाखवणारं चित्र) येत नाही. साध्या डीटीएच बॉक्सच्या पोर्टवर ते बंदच असू द्या. जुने बॉक्स त्यानं गोंधळतात आणि पडदा काळा राहतो.

काळा रंग राखाडी दिसतोय, सगळ्या चित्रावर दुधाची साय आल्यासारखी वाटते, किंवा उलट अंधारातलं काहीच दिसत नाही? तर एचडीएमआय ब्लॅक लेव्हल तपासा. टीव्हीच्या चित्रात काळा १६ आणि पांढरा २३५ धरलेला असतो, संगणकात ० आणि २५५. पाठवणारा एक मापात आणि घेणारा दुसऱ्या मापात असला की असं होतं. डीटीएच बॉक्ससाठी ऑटो किंवा लो, आणि लॅपटॉप लावला असेल तर दोन्हीकडे एकच माप. हा घोळ ब्राइटनेसनं दुरुस्त करायला जाऊ नका, त्यानं फक्त एक टोक सुधारतं.

टीव्ही चित्राच्या कडा कापतोय

ओव्हरस्कॅन हा तपशील मारणारा छुपा दोष आहे. ट्यूबच्या काळात कडेचा भाग वाकडा दिसायचा म्हणून टीव्ही चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीबाहेर ढकलायचे. आजचे अनेक टीव्ही अजूनही तेच करतात. फुल एचडी पॅनेलवर १९२० ठिपके १९२० जागांवर चपखल बसायला हवेत. चित्र पाच टक्के ताणलं की एकही ठिपका आपल्या जागी राहत नाही आणि सगळं मऊ होतं. बातम्यांची खालची पट्टी किंवा कोपऱ्यातला लोगो कापला जातोय का पाहा.

सॅमसंगमध्ये पिक्चर साइज सेटिंगमध्ये फिट टू स्क्रीन चालू करा, एलजीत जस्ट स्कॅन चालू करा, सोनीत डिस्प्ले एरिया फुल पिक्सेल करा. इतर ब्रँडमध्ये १:१, फुल, डॉट बाय डॉट अशा नावानं हेच असतं. नंतर एखाद्या एसडी वाहिनीत वरच्या कडेला पांढरी तुटक रेघ नाचताना दिसेल. ती वाहिनीच्या सिग्नलमधली आहे, टीव्हीचा दोष नाही.

आता पिक्चर मेनू

दुकानात झगझगीत उजेडात शेजारच्या टीव्हीपेक्षा उठून दिसावा म्हणून विविड किंवा डायनॅमिक मोड असतो. त्यात पांढरा निळसर होतो, गव्हाळ चेहरा एकतर राखाडी किंवा नारिंगी पडतो, खेळपट्टीभोवतीचं गवत पोपटी होतं आणि उजळ भागातला तपशील पुसला जातो: पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या, ढगांचे थर. सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर मोड निवडा. रंगछटा वॉर्म ठेवा. वॉर्म १ आणि वॉर्म २ असेल तर २. पहिल्या संध्याकाळी चित्र पिवळट वाटेल. ते पिवळट नाही, डोळे निळ्याला सरावलेले आहेत. चित्रपट आणि मालिका ज्या पांढऱ्यावर तयार होतात तो ६५०० केल्विनचा आणि वॉर्म सेटिंग त्याच्या सर्वांत जवळ येतं. तीन-चार दिवस न बदलता पाहा, मग जुना मोड लावा. निळा झटका लगेच कळेल.

मग बॅकलाइट. खोलीतल्या उजेडाप्रमाणे मोकळेपणानं बदलावं असं हे एकमेव सेटिंग: रात्री कमी, दुपारी पडदे उघडे असतील तर जास्त. त्यानं रंग किंवा तपशील बिघडत नाही.

ब्राइटनेस या नावाचा घोळ मोठा आहे. बऱ्याच टीव्हीत ब्राइटनेस म्हणजे काळ्याची पातळी आणि बॅकलाइट वेगळा. सोनीच्या अँड्रॉइड टीव्हीत आणि सॅमसंगच्या नव्या मॉडेलमध्ये ब्राइटनेस म्हणजेच पडद्याचा उजेड. काळ्यासाठी तिथे ब्लॅक लेव्हल किंवा शॅडो डिटेल असतं. नावावर जाऊ नका, परिणाम पाहा: रात्रीच्या दृश्यात फक्त सावल्या उजळत असतील तर ते काळ्याचं सेटिंग. ते आणि कॉन्ट्रास्ट डोळ्यांनी अंदाजे लावण्यापेक्षा एव्हीएस एचडी ७०९ हा मोफत चाचणीचित्रांचा संच पेनड्राइव्हवर घ्या. त्यातल्या काळ्याच्या चित्रात क्रमांक लिहिलेल्या पट्ट्या लुकलुकतात. १७ आणि पुढच्या जेमतेम दिसाव्यात, १६ आणि त्याखालच्या दिसू नयेत. पांढऱ्याच्या चित्रात किमान २३४पर्यंतच्या पट्ट्या वेगळ्या ओळखू आल्या पाहिजेत. सगळा पांढरा गठ्ठा दिसत असेल तर कॉन्ट्रास्ट कमी करा. एक लक्षात ठेवा: यूएसबीवर जमवलेले आकडे बॉक्सच्या पोर्टला आपोआप लागतातच असं नाही, ते तिथे हातानं भरा.

शार्पनेस कमी करणं लोकांच्या जिवावर येतं. पण वाहिनीच्या लोगोभोवती पांढरी प्रभा दिसत असेल तर ती शार्पनेसनं तयार केलेली आहे, चित्रात नाही, आणि तिच्याखाली खरा बारीक तपशील झाकला जातो. प्रभा जाईपर्यंत खाली आणा. सोनीत ५० म्हणजे तटस्थ, त्याखाली गेलात तर चित्र मुद्दाम मऊ होतं. इतर अनेक टीव्हीत तटस्थ बिंदू शून्य किंवा त्याच्या जवळ असतो.

नॉइज रिडक्शन एचडी वाहिनीवर बंद ठेवा. मेणाचे चेहरे बहुतेक यामुळेच होतात, कारण त्वचेचा पोत आणि कॉम्प्रेशनची घाण यांत टीव्हीला फरक कळत नाही. एसडी वाहिनीवर लो ठेवायला हरकत नाही, तिथे वाचवण्यासारखा पोत फारसा नसतोच.

ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस या सगळ्या नावांमागे एकच काम आहे: दोन खऱ्या चौकटींमध्ये टीव्हीनं कल्पनेनं बनवलेली चौकट घालणं. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. तो यामुळे मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. क्रिकेटमध्ये ५० वेळा खरं चित्र येतच असतं, त्यात मनानं भर घातली की वेगवान चेंडू दुहेरी दिसतो किंवा मध्येच गायब होतो. बंद करा, फारच अडखळल्यासारखं वाटलं तर सगळ्यात खालची पातळी ठेवा.

सेटिंग पुन्हा पुन्हा का बिघडतं

बऱ्याच घरांत खरी चिडचिड याची असते. कारणं ठरलेली आहेत.

टीव्ही स्टोअर किंवा रिटेल मोडवर असेल तर तो काही वेळानं स्वतःच विविडवर परततो, तुम्ही कितीही वेळा बदला. पहिल्यांदा चालू करताना घाईत हा पर्याय निवडला जातो. कोपऱ्यात टीव्हीच्या गुणांची जाहिरात अधूनमधून येत असेल तर हेच कारण. जनरल किंवा सिस्टिम सेटिंगमध्ये होम मोड निवडा.

पिक्चर सेटिंग बहुतेक टीव्हीत प्रत्येक इनपुटसाठी वेगळं साठवलं जातं, शिवाय साध्या चित्रासाठी एक, एचडीआरसाठी दुसरं. एचडीएमआय १ नीट केलंत आणि मुलांनी एचडीएमआय २वर स्टिक लावली, तर तिथे कंपनीचंच सेटिंग असणार. अप्लाय टू ऑल इनपुट्स असा पर्याय असेल तर वापरा. नसेल तर प्रत्येक इनपुटवर आणि एकेक एचडीआर कार्यक्रम लावून वेगळं करा.

इको सेन्सर किंवा पॉवर सेव्हिंग खोलीतला उजेड मोजून बॅकलाइट कमी करतो. संध्याकाळी दिवे लागायच्या आधी चित्र अचानक मंद होतं, आणि मग कुणीतरी कॉन्ट्रास्ट वाढवतं. बिघाडाची सुरुवात तिथून. सेन्सर बंद करा, एआय पिक्चरही बंद करा. विजेचा खर्च वाचवायचा असेल तर बॅकलाइटच हातानं कमी ठेवलेला बरा.

वीज जाऊन आली की बॉक्स आणि टीव्ही एकाच वेळी चालू होतात. बॉक्स टीव्हीला विचारतो, तुला काय चालतं. टीव्ही अजून जागा झालेला नसतो, उत्तर येत नाही, आणि रिझोल्यूशन ऑटोवर असलेला बॉक्स सावधगिरी म्हणून खालच्या दर्जावर जातो. म्हणून ऑटोऐवजी १०८०आय ठाम निवडा. तरीही होत असेल तर आधी टीव्ही चालू करा, अर्ध्या मिनिटानं बॉक्स. बॉक्सचं सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावरही हे सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं, तेव्हा चित्र मऊ वाटलं की सगळ्यात आधी इन्फो बटण.

फायर टीव्ही स्टिकवर डायनॅमिक रेंज ऑलवेज एचडीआर असेल तर जुने चित्रपट आणि मालिका फिकट, ओढून ताणून चमकवलेल्या दिसतात. ते अडॅप्टिव्ह करा. त्याच डिस्प्ले मेनूतलं मॅच ओरिजिनल फ्रेम रेट चालू करा, कारण स्टिक ६० हर्ट्झवर अडकलेली असेल तर ५०च्या सामन्यात सेकंदाला १० चौकटी दोनदा दाखवाव्या लागतात आणि चेंडू हिसके देत जातो. पण हे सेटिंग सगळी अॅप मानत नाहीत. तसं झालं तर सामन्यापुरतं डिस्प्लेच्या रिझोल्यूशनमध्ये जाऊन १०८०पी ५० हर्ट्झ हातानं निवडा.

इंटरनेटवरून पाहताना

नेटफ्लिक्स १०८०पीसाठी ५ आणि ४केसाठी १५ एमबीपीएस वेग सुचवतं. पण वेग असला तरी भारतातल्या बेसिक योजनेत चित्र ७२०पीपलीकडे जात नाही, स्टँडर्डमध्ये १०८०पी आणि ४के फक्त प्रीमियममध्ये. यूट्यूबवर क्वालिटी ऑटो असते. व्हिडिओ चालू असताना स्टॅट्स फॉर नर्ड्स उघडलं की खरं रिझोल्यूशन दिसतं. राउटर भिंतीपलीकडे असेल आणि इमारतीत दहा-वीस वायफाय असतील तर २.४ गिगाहर्ट्झवर संध्याकाळी चित्र घसरतं. ५ गिगाहर्ट्झवर जा, शक्य असेल तर लॅन वायर ओढा. टीव्हीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असला तरी पुरतो.

टीव्ही कुठे आणि किती उंच लावलाय

दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर टीव्ही आणि जमिनीवर बसलेली माणसं, हे दृश्य आपल्याकडे घरोघरी आहे. एलसीडी टीव्हीचं पॅनेल बहुधा व्हीए किंवा आयपीएस प्रकारचं असतं. व्हीए पॅनेल समोरून सर्वांत गडद काळा देतं, पण वरून, खालून किंवा बाजूनं पाहिलं की काळा राखाडी होतो आणि रंग उडतो. म्हणजे याआधीचं सगळं नीट करूनही चित्र फिकटच दिसेल. सोफ्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण एक मीटरवर असतात, पडद्याचा मध्य त्याच्या जवळपास हवा. खाली आणता येत नसेल तर तिरका होणारा ब्रॅकेट लावून टीव्ही पाहणाऱ्यांकडे कलवा. आयपीएस पॅनेल कोनाला सोशिक असतं, पण अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा मुळातच राखाडी. खिडकीसमोरची भिंत टाळा. पडदा पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड घ्या. काचेचा स्प्रे वरच्या थराला कायमचे डाग पाडतो.

हे सगळं करूनही

पेनड्राइव्हवरची क्लिपही खराब दिसत असेल तर डाग कसा आहे ते पाहा. पडद्याचा एक पट्टा किंवा कोपरा काळसर, पण चित्र शाबूत असेल तर बॅकलाइटच्या एलईडी पट्ट्या गेल्या आहेत. त्या बदलता येतात. बदलताना पूर्ण संच बदलून घ्या आणि नंतर बॅकलाइट शंभरावर चालवू नका, कारण उष्णतेनंच त्या आधी गेल्या असतात. अर्धा पडदा वेगळ्या रंगाचा किंवा चित्र निगेटिव्हसारखं दिसत असेल तर टी-कॉन बोर्ड (पॅनेलला चित्र पोचवणारा) किंवा त्याची रिबन तपासायला सांगा, तीही दुरुस्ती परवडते. वरपासून खालपर्यंत एक बारीक, न हलणारी उभी रेघ मात्र पॅनेलच्या कडेचा जोड सुटल्याची असते. वॉरंटी उरली असेल तर लगेच तक्रार नोंदवा. उरली नसेल तर पॅनेलचा दर ऐकून नव्या टीव्हीच्या किमतीशी ताडून पाहा, दोन्हींत बहुतेक वेळा फारसं अंतर नसतं.